वादी आणि चढणीचे मासे

कोकणात पहिला पाऊस पडला की पावलं आपोआप वहाळाकडे वळतात. चढणीचे मासे पकडायला अख्खा गाव लोटतो. ओमानमध्ये मात्र ही सवय विसरा.

इथले डोंगर म्हणजे उघडा खडक. पाणी जिरवायला ना माती, ना झाडी. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतानाच वादी काही मिनिटांत भरून येते. २००७चं गोनू, २०२१चं शाहीन आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलं. एप्रिल २०२४च्या पुरात समद अल शान इथे शाळकरी मुलांचा जीव गेला.

मग वादी बनी खालिदमध्ये आपले पाय कुरतडणारे इवले मासे पुरात तगतात कसे? ‘गारा’ गटातले हे मासे ओठाखालच्या चकतीने खडकाला धरून राहू शकतात. अल हूता गुहेत तर त्यांचे आंधळे भाऊबंद राहतात.

आपल्याला अशी चकती नाही. दिवाळीनंतर सहलीला निघताना हवामानाचा इशारा पाहा. डोंगरावर ढग दाटले की वादीतून बाहेर पडा. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. मुलांना मासे दाखवायचेत ना? पाणी ओसरून निवळेपर्यंत थांबा.