टाकीतल्या पाण्यातला अमीबा आणि त्याच्या आत राहणारे जिवाणू

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा आपल्या बुलडाणा जिल्ह्यात बरेच तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. तिथे रंगामुळे सूक्ष्मजीवांचे अस्तित्व सगळ्यांना दिसले. विहीर, हौद किंवा छतावरच्या टाकीतले गोडे पाणी मात्र नितळ दिसते, म्हणून त्यातले जीव आपल्या लक्षात येत नाहीत. त्यांपैकी एक जोडी आरोग्याच्या दृष्टीने समजून घ्यायला हवी: अमीबा आणि त्याच्या आत राहणारे जिवाणू.

पेशीच्या आत बिऱ्हाड

अमीबा हा एकाच पेशीचा जीव. टाकीच्या आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर साचतो, त्यातले जिवाणू हे त्याचे अन्न. गिळलेला जिवाणू बहुतेक वेळा पचून जातो. काही जिवाणू मात्र पचत नाहीत, ते आतच राहतात आणि वाढतात.

कधी कधी हा संबंध फार घट्ट होतो. १९६६ मध्ये क्वांग जिऑन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतील अमीबांमध्ये जिवाणू शिरले आणि बरेच अमीबा मेले. जे वाचले, त्यांच्या पुढच्या पिढ्या या जिवाणूंशिवाय जगू शकेनाशा झाल्या. गोड्या पाण्यातल्या पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या काही प्रकारांत असे जिवाणू राहतात, की त्यांच्या विषाने दुसरे पॅरामेशियम मरतात, पण ज्याच्या आत ते राहतात त्याला काही होत नाही.

असे बहुतेक जिवाणू माणसाला त्रास देत नाहीत. काही थोडे देतात.

हा पोटातला अमीबा नव्हे

‘अमीबा’ म्हटले की रुग्णांना आव आठवते. ती एंटअमीबा हिस्टोलिटिका या वेगळ्या जातीमुळे होते आणि दूषित पाणी किंवा अन्न पोटात गेल्याने पसरते. येथे ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते अमीबा पाण्यात आणि मातीत मोकळे राहतात. त्यांच्यासाठी आवेच्या गोळ्या घेऊन उपयोग नाही.

फुप्फुसाचा धोका

१९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका हॉटेलातील अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली आणि ३४ जण दगावले. पुढे त्या जिवाणूला लेजिओनेला हे नाव मिळाले. १९८० मध्ये इंग्लंडमधील रोबॉथम यांनी दाखवले की हा जिवाणू अमीबाच्या आत वाढतो.

आपल्या फुप्फुसात जंतू गिळून मारणाऱ्या पेशी असतात. त्यांचे काम बरेचसे अमीबासारखेच चालते. अमीबाच्या आत टिकून राहायची तालीम झालेला लेजिओनेला या पेशींनाही दाद देत नाही, उलट त्यांच्यातच वाढतो. त्यामुळेच पेनिसिलिन गटातील औषधे येथे चालत नाहीत. पेशीच्या आत पोहोचणारी प्रतिजैविके लागतात आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असतात.

अमीबाभोवती कडक कवच तयार झाले, की नेहमीच्या प्रमाणातले क्लोरीन त्याला मारू शकत नाही आणि आतला जिवाणूही वाचतो. साधारण २५ ते ४५ अंश तापमानाच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला वाढतो. उन्हाळ्यात आपल्या टाक्यांचे पाणी एवढे सहज तापते.

हा आजार शॉवर, कारंजे, मोठ्या इमारतींची वातानुकूलन यंत्रणा यांतून उडणारे बारीक तुषार श्वासात गेल्याने होतो. तो सहसा एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. पन्नाशी ओलांडलेले, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेह किंवा दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांना धोका जास्त.

डोळ्याचा धोका

अकँथअमीबा नावाचा अमीबा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम करतो. त्याच्या आतही अनेकदा जिवाणू असतात. प्रयोगशाळेत असे दिसले आहे, की काही जिवाणूंमुळे तो पेशींचे जास्त नुकसान करतो. परदेशात हा आजार मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना होतो. आपल्याकडे डोळ्याला काडी-कुसळ लागलेले, माती किंवा अस्वच्छ पाणी गेलेले शेतकरी-मजूरही त्यात असतात. सोयाबीनच्या मळणीत डोळ्यात भुसा जाणे आपल्याला नवे नाही. उपचार कित्येक महिने चालतात आणि उशीर झाला तर डोळ्यात फूल पडून नजर जाऊ शकते.

घरी काय करावे

- पाणी साठवण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा आणि वाळवा. हा ‘कोरडा दिवस’ डेंग्यूच्या डासांसाठीही उपयोगी आहे.
- छतावरची टाकी वर्षातून किमान दोनदा घासून धुवा. बुळबुळीत थर निघणे महत्त्वाचे, नुसती टीसीएल पावडर टाकून तो जात नाही. पावडरीचे प्रमाण जलसुरक्षक किंवा आरोग्य सेवकांना विचारा.
- टाकीला घट्ट झाकण ठेवा.
- कूलरचे पाणी वरचेवर बदला. हंगाम संपला की टाकी कोरडी करून ठेवा.
- बरेच दिवस बंद असलेला शॉवर किंवा नळ आधी काही मिनिटे वाहू द्या आणि त्या वेळी तुषारांपासून दूर राहा.
- कॉन्टॅक्ट लेन्सला नळाचे पाणी लावू नका. लेन्स घालून अंघोळ करू नका, पोहू नका.
- मळणीच्या वेळी चष्मा लावा. डोळ्यात काही गेले तर चोळू नका, उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. फवारणीचे औषध उडाले असेल तर मात्र उकळण्यात वेळ घालवू नका. मिळेल त्या स्वच्छ पाण्याने लगेच, भरपूर वेळ धुवा आणि दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

ताप, खोकला आणि धाप एकत्र असेल, सोबत जुलाब किंवा बोलण्यात असंबद्धपणा असेल तर त्याच दिवशी जा. गेल्या दोन आठवड्यांत हॉटेलात किंवा लॉजवर मुक्काम झाला होता का, हे न विचारता सांगा. डोळा लाल होऊन खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. लाली तात्पुरती कमी होते, पण आतला आजार वाढत राहतो.