रायफल कोणाच्या मापाची?

ओपीडीत सोळा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. कंबर आणि मान दुखत होती. चार महिन्यांपासून ती एअर रायफलचा सराव करते. “डॉक्टर, मुलीच्या जातीला एवढं वजन झेपत नाही का हो?” आईनं विचारलं. याआधी वेदनाशामक गोळ्या आणि ‘खेळ बंद करा’ हा सल्ला मिळून झाला होता.

तपासणीत मणक्यात किंवा नसांमध्ये काही दोष आढळला नाही. रायफल घेऊन ये म्हटलं असतं तर रुग्णालयाच्या फाटकावरच गोंधळ उडाला असता! म्हणून मोबाइलवरचा सरावाचा व्हिडिओ मागितला. रायफल क्लबची होती आणि तिच्याआधी ती वापरणाऱ्या उंच मुलाच्या मापावर तशीच राहिली होती.

दहा मीटर एअर रायफलचं वजन नियमानुसार साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. हे वजन शरीराच्या पुढे येतं, त्यामुळे उभ्यानं नेमबाजी करणारा खेळाडू कमरेतून मागे आणि बाजूला झुकून तोल साधतो. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलं की भार स्नायूंऐवजी हाडांवरून जमिनीत उतरतो. पण दस्ता, म्हणजे बट, लांब असेल तर ट्रिगरपर्यंत पोहोचताना खांदा ताणला जातो, डोळा साइटशी नेण्यासाठी मान पुढे जाते आणि कंबर आणखी मागे वाकते. मणक्याचे मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात. २०१८पासून महिलांनाही ४०ऐवजी ६० गोळ्या झाडाव्या लागतात, त्यासाठी सव्वा तास मिळतो. सराव तर रोजचाच.

‘मग हलकी रायफल द्या’ हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. हलकी रायफल हाताच्या प्रत्येक थरथरीबरोबर हलते. थोडं वजन तिला स्थिर ठेवतं. सुरुवातीला जोडवजनं काढावीत आणि ताकद वाढेल तशी परत लावावीत, हे बरं. पण आधी माप.

क्रम महत्त्वाचा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून प्रथम दस्त्याची लांबी, मग खांद्यावर टेकणाऱ्या बट प्लेटची उंची, नंतर गालाचा चीकपीस. साइट शेवटी डोळ्यापर्यंत आणायची. डोळा साइटपर्यंत न्यायचा नाही. मग डोळे मिटून पवित्रा घ्यावा, मान सैल सोडावी आणि डोळे उघडावेत. साइटमधून सरळ दिसलं तर माप जमलं.

एक गोष्ट मुली पुरुष प्रशिक्षकाला सांगत नाहीत. बट प्लेटचं खालचं टोक छातीत रुततं. ते टाळायला त्या खांदा चोरतात आणि सगळा पवित्रा बिघडतो. बहुतेक स्पर्धा-रायफलींत हे टोक बाहेरच्या बाजूला वळवता येतं. प्रशिक्षकांनी हे स्वतःहून विचारायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे लाड नव्हेत. ब्रिटिश फौजेच्या ली-एनफील्ड रायफलीचे दस्तेही वेगवेगळ्या लांबीचे असत, अगदी बुटक्या शिपायासाठीसुद्धा. आणि झेपण्याचंच म्हणाल, तर कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला रायफल नेमबाजीतच जगज्जेती झाली.

कंबरदुखी रात्री झोपमोड करत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा मागे वाकताना एकाच जागी कळ येत असेल, तर मात्र रायफल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. वाढत्या वयात मणक्याच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

या मुलीला पोट-पाठीचे व्यायाम दिले, दोन आठवडे सराव निम्म्यावर आणला. पुढच्या खेपेला ती एकटीच आली. मान मोकळी झाली होती, कंबर अधूनमधून बोलत होती. रायफल अजूनही दोघांत वाटून वापरतात. म्हणून तिनं दस्त्याचे, चीकपीसचे आकडे वहीत लिहून ठेवलेत आणि अ‍ॅलन की दप्तरातच असते.