न्यूमोनियाची वही

अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेले नातेवाईक मला हटकून विचारतात, ‘डॉक्टर, पेशंट आला तो अपघाताचा. मग न्यूमोनिया कुठून आला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना जीभ अडखळते, कारण पुष्कळदा तो आमच्याकडेच झालेला असतो.

व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते. जीव वाचवणारी हीच नळी रुग्णाला धड खोकू देत नाही. घशात साचलेली लाळ जंतूंसह नळीच्या कडेने फुप्फुसात झिरपते. यंत्र लावून दोन दिवस उलटल्यावर होणाऱ्या अशा न्यूमोनियाचा हिशेब वेगळा ठेवतात.

हिशेब सोपा आहे. सिस्टर रोज ठरल्या वेळी व्हेंटिलेटरवरचे रुग्ण मोजतात. रोज 10 असतील, तर 30 दिवसांत 300 ‘व्हेंटिलेटर-दिवस’ भरले. तेवढ्यात तिघांना न्यूमोनिया झाला, तर दर हजार दिवसांमागे प्रमाण 10.

अवघड आहे ते हे ‘तिघे’ ठरवणे. एक्स-रेवरचा पांढरा डाग फुप्फुसात पाणी साचल्यानेही दिसतो. ताप इतर कारणांनीही येतो. नळीतल्या स्रावात जंतू सापडले, तरी ते नुसते वस्तीला आलेले असू शकतात. एकाच फिल्मवरून दोन अनुभवी डॉक्टर हमरीतुमरीवर आलेले मला ठाऊक आहेत. त्यातला एक मीच होतो!

म्हणून अमेरिकेच्या ‘सीडीसी’ने 2013 मध्ये प्रौढांसाठी मोजणीची सुरुवात एक्स-रेऐवजी यंत्राच्या आकड्यांपासून केली. दोन दिवस स्थिर असलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन, समजा 40 टक्क्यांवरून 60 वर न्यावा लागला आणि दोन दिवस तिथेच ठेवावा लागला, तर त्याची नोंद होते. संसर्गाची चिन्हे त्यानंतर तपासायची. यातही काही खरे न्यूमोनिया निसटतात. शिवाय ही मोजणी विभागासाठी. औषध द्यायचे की नाही, ते रुग्णाकडे पाहूनच ठरवावे लागते.

एका रुग्णालयात मला अभिमानाने सांगितले गेले, ‘आमच्याकडे वर्षभरात शून्य!’ मी रोजच्या मोजणीची वही मागितली. ती नव्हतीच.

आमच्या वहीत एका पावसाळ्यात आकडा चढला. आम्ही खाटांमधून फिरलो. उशाकडची बाजू 30 ते 45 अंश उंच हवी; पण एक्स-रेसाठी सपाट केलेल्या खाटा तशाच राहत होत्या. तेव्हापासून एक्स-रे झाल्यावर खाट किती वाजता उचलली, हेही सिस्टर त्याच वहीत लिहितात.