असईच्या रणभूमीवर एक मुक्काम

(बी. ए. द्वितीय वर्ष, इतिहास)

वॉटर्लूचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. १८१५ साली बेल्जियममधील त्या गावाजवळ नेपोलियनचा पराभव झाला आणि इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन जगप्रसिद्ध झाला. परंतु हाच सेनापती त्याआधी बारा वर्षे, नुसत्या ऑर्थर वेलस्ली या नावाने, आपल्या भोकरदनच्या पूर्वेला असलेल्या असई या खेड्यापाशी लढला होता, हे किती जणांना ठाऊक असते? लष्करी आयुष्यातील सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, तर असईचे नाव घेतले, असे सांगतात.

वॉटर्लूला आज जगभरातून माणसे जातात. तेथील हुगुमाँ नावाच्या शेतवाड्याभोवती सर्वांत चिवट झुंज झाली होती. लढाईच्या द्विशताब्दीला, २०१५ साली, त्या वाड्याची डागडुजी पुरी झाली आणि वाड्यातील माळ्याच्या जुन्या घरात आता पाहुण्यांना भाड्याने राहता येते. आपल्याकडे मात्र रणभूमी पाहणे म्हणजे गाडीतून उतरणे, छायाचित्र काढणे आणि जेवणाच्या वेळेला शहरात परतणे, अशी रीत पडली आहे. असईच्या परिसरात मुक्काम का करावा आणि तो पर्यावरणाला धरून कसा असावा, हे थोडक्यात मांडण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

प्रथम लढाईकडे वळू. १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन वेलस्ली गोदावरी ओलांडून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आला. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे त्याची व कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली. दोघांनी निरनिराळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला मराठी फौजेवर एकत्र चालून जावे असे ठरले. पण २३ सप्टेंबरलाच वेलस्लीला कळले, की दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज दोन-तीन कोसांवरच आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने चढाई केली. त्याच्याकडे सुमारे साडेचार हजार कवायती सैन्य आणि शिवाय म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडदळ होते. समोर पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालची दहा हजारांवर कवायती पायदळाची पलटणे, शंभरावर तोफा आणि प्रचंड घोडदळ होते.

मराठी फौजेने जागा उत्तम निवडली होती. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई आणि दोन नद्यांच्या मधल्या जिभेसारख्या पट्ट्यात तळ. केळणेचे काठ उंच व चढायला अवघड. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले, की पुढे नदीला उतारच नाही. परंतु त्याला पलीकडे एक आणि अलीकडे एक अशी दोन गावे समोरासमोर दिसली: पिंपळगाव आणि वरूड. नदीच्या दोन्ही काठांना गावे आहेत, तेव्हा त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असणारच, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. त्याच उतारावरून त्याची फौज पार झाली.

खेड्यात वाढलेल्या कोणालाही हा तर्क नवा वाटणार नाही. अलीकडच्या गावची लेक पलीकडे दिलेली असते, आठवडी बाजार एका काठाला तर दळण दुसऱ्या काठाला, आणि बैलगाडी कोठून उतरते हे पोरासोरांनाही ठाऊक असते. परंतु ही गोष्ट रस्त्यावरच्या फलकावरून कळत नाही. त्यासाठी संध्याकाळी काठाने चालावे लागते आणि सकाळी गुरे पाण्यावर कोठून नेतात ते पाहावे लागते. रणभूमीजवळ मुक्काम का करावा, याचे पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. त्या एका दुपारी इंग्रजांकडील ४२८ माणसे मेली व अकराशेवर जखमी झाली. त्यांत निम्म्याहून अधिक देशी शिपाई होते. मराठ्यांची हानी याहूनही मोठी होती व त्यांच्या ९८ तोफा गेल्या. इंग्रजांच्या जखमींसाठी अजिंठा गावी रुग्णालय मांडले गेले. गावाजवळची लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडायला अजून सोळा वर्षे अवकाश होता. पुस्तके येथवर सांगतात. परंतु सप्टेंबरअखेर म्हणजे खरिपाचे पीक उभे असण्याचे दिवस. ज्यांच्या शिवारातून ही फौज, घोडी, तोफांचे बैल आणि बाजारबुणगे गेले, त्या कुणब्यांचे काय झाले? १८०३-०४ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, त्याला पावसाइतकीच फौजांची लूट कारण होती. त्या शिवारात रात्र काढणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

आता मुक्कामाच्या घराकडे येऊ. पर्यावरणस्नेही निवास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बांबूची झोपडी व परदेशी पाहुणे येतात. वास्तविक मराठवाड्याचे माळवद हेच असे घर आहे. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी छताला सवणे. जाड माती हळू तापते आणि हळू निवते, म्हणून वैशाखात दुपारी आत गारवा राहतो व पंख्यावाचून भागते. साहित्य गावाच्या शिवारातले आणि गवंडीही गावचाच.

मात्र या घराचे दोषही सांगितले पाहिजेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकून ती चोपावी लागते. या थरांचे ओझे वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या भिंती व जड छते अंगावर कोसळूनच. म्हणून जुने माळवद पाहुण्यांसाठी खुले करायचे तर छताची जादा माती उतरवणे, लाकडी सांगाडा एकमेकांत घट्ट बांधणे आणि भिंतींना आडवे पट्टे देणे अत्यावश्यक आहे.

दुसरी कसोटी पाण्याची. या भागात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अनेक गावांत उन्हाळा टँकरवर जातो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गोठ्याचे शंभर चौरस मीटर पत्रे असतील, तर वर्षाचे सत्तर हजार लिटर होते. वाया जाणारे वगळले तरी पंचावन्न हजार हाती लागावे. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर धरतात. म्हणजे पाहुणा बादलीने आंघोळ करील, तर एवढ्या पाण्यात हजार मुक्काम होतात. सांडपाणी परसातल्या केळीला द्यावे. परंतु जेथे फवाऱ्याची आंघोळ आणि पोहण्याचा तलाव आहे, तेथे भिंती कितीही मातीच्या असोत, ते घर गावाच्या विहिरीवर जगते. फौजेने धान्य नेले, पाहुण्याने पाणी नेऊ नये.

तिसरी कसोटी पैशाची. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. शेतकऱ्याने शेती सांभाळून पाहुण्यांची सोय करावी, हा त्याचा गाभा आहे. राहण्याचे भाडे, भाकरी-पिठल्याचे पैसे, उतार दाखवणाऱ्या वाटाड्याची मजुरी, हे सारे गावातच राहिले तरच हा उद्योग गावाचा म्हणता येईल.

आमच्या आजोळी, त्याच पट्ट्यात, माळवदे भराभर पाडली जात आहेत. त्यात नवल नाही. मुलगी द्यायला आलेले पाहुणे आधी छताकडे बघतात, आणि माती म्हणजे गरिबी असा समज घट्ट झाला आहे. शिकून शहरात आलेली आमची पहिली पिढी; आम्हालाही कोणी घराविषयी विचारले तर शब्द अडतो. आजी मात्र म्हणते, “स्लॅबमध्ये निजून बघ चैतात, मग सांग गरीब कोण.” शहरातला माणूस त्याच मातीखाली झोपायला पैसे मोजतो, हे गावाला वेळेवर कळले तर काही घरे वाचतील.

आपल्या महाविद्यालयाची इतिहास-सहल दरवर्षी निघते. येत्या सप्टेंबरात ती एका दिवसाऐवजी दोन दिवसांची करावी आणि मधली रात्र त्या परिसरातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी काढावी, अशी गुरुजनांना विनंती आहे. केळणेला तेव्हा पाणी असते. उतार कोठे आहे, हे गावकऱ्यांना विचारून आपण स्वतः शोधू.