मोजा, मटार आणि मेडिकेअर

मागच्या वर्षी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला नि उजवा हात लुळा पडला. हातात दिलेली वाटी केव्हा सुटली तेही कळत नसे. थेरपीत एके दिवशी वायरींचा मोजा चढवला. पडद्यावरचा चेंडू धरला की मोज्यातल्या बारीक मोटारी थरथरत, बोटांना काहीतरी लागल्याचं कळे. मला तो नातवाचा व्हिडिओ गेमच वाटला! पण आपल्या न्यू जर्सीतल्याच रटगर्स विद्यापीठात ग्रिगोरे बुर्डेआ यांनी २००० च्या सुमारास असा मोजा झटक्याच्या रुग्णांसाठी वापरला होता. त्यात हवेच्या दाबावरचे दट्टे, करंगळी सोडून बाकी बोटांना रेटणारे. तीच हालचाल शेकडो वेळा करणं हेच खरं औषध. मोजा कंटाळा घालवतो, एवढंच माझं मत.

आता पैशांचं. क्लिनिकमधल्या थेरपीला मेडिकेअर पार्ट बी डिडक्टिबलनंतर मंजूर रकमेच्या ८० टक्के देतं. थेरपीवरची वार्षिक मर्यादा २०१८ साली उठली. घरी वापरायचा मोजा मात्र आम्ही न विचारता मागवला आणि बिल नामंजूर होऊन परत आलं. मंडळी, तुम्ही आधी लेखी विचारा.

काल ह्यांनी मटार सोलले. निम्मे जमिनीवर, पण सोलले.