तीन बदामांवर डबल

पत्त्यांचें नांव निघालें कीं पुष्कळ पालकांस जुगार आठवतो, आणि पैसा लावून खेळणाऱ्यांनीं तो आक्षेप खरा केला आहे हें आम्हांस मान्य आहे. ब्रिज मात्र पैशावांचून उत्तम खेळतां येतो. २०१८ सालीं जाकार्ता येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत प्रणव वर्धन व शिवनाथ सरकार या भारतीय जोडीनें त्यांत सुवर्णपदक मिळविलें. या खेळांतील एकच प्रसंग आम्ही आज विद्यार्थ्यांपुढें मांडतों. समोरासमोर बसलेले दोघे भिडू, प्रत्येकाच्या हातीं तेरा पानें, आणि खेळण्यापूर्वीं बोली, एवढें वाचकांस ठाऊक असेल असें धरून चालतों.

हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनीं १९२५ सालीं आगबोटीवर बसविलेल्या गुणपद्धतींत बोललेले दस्तच डावाच्या हिशेबांत धरले जातात. त्यामुळें योग्य बोलीपर्यंत पोंचणें हेंच अर्धें कौशल्य होय. आणि म्हणूनच प्रतिपक्षाची वाट अडविणें हाहि एक डावपेंच ठरतो. समजा, आपल्या उजवीकडील गड्यानें आरंभींच 'तीन बदाम' म्हटलें. त्याच्याजवळ बदामचीं सात पानें असतात, बाकी हात दुबळा. नऊ दस्त होतीलच अशी त्याची खात्री नसते. चिंचोळ्या बोळांत बैलगाडी आडवी लावावी, तशी ही बोली आहे. एक-दोनच्या खालच्या पायऱ्यांवर सावकाश विचारपूस करण्याची आपली सोय ती हिरावून घेते.

अशा वेळीं 'डबल' म्हणावें. शब्दार्थ घेतला तर 'तुमची बोली बुडेल, दंड दुप्पट करा' असा होतो. पण येथें संकेत निराळा आहे: 'भिडू, माझा हात चांगला आहे, बदाम थोडे आहेत, उरलेल्या तीन रंगांपैकीं तुझा रंग सांग.' असा उलटा अर्थ कां घ्यावा? हिशेब करून पाहा. एकाजवळ सात बदाम गेले, तर उरलेले सहा तिघांत वांटले जातात. प्रत्येकास सरासरी दोन. आपल्यापाशीं पांच भक्कम बदाम येण्याचा योग विरळा. एक-दोन असण्याचा नित्याचा. जें वारंवार घडतें त्यासाठींच शब्द राखून ठेवणें शहाणपणाचें.

उदाहरणार्थ, आपला हात असा: इस्पिकचा एक्का, राणी व दोन लहान पानें, बदामची एकटी छक्की, चौकटचा राजा, राणी व दोन लहान, किलवरचा एक्का व तीन लहान. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १, या रूढीनें १५ गुण झाले. भिडूजवळ इस्पिकचा राजा, गुलाम व तीन लहान, चौकटचा एक्का व एक लहान, शिवाय बदाम व किलवर यांचीं तीन-तीन क्षुल्लक पानें. डबल ऐकून त्यानें 'चार इस्पिक' म्हणावें. बदामचा एक दस्त जाईल, किलवरचे दोन; त्यांतील एक पान चौकटच्या तिसऱ्या दस्तावर टाकतां येतें. दहा दस्त सहज होतात. डुप्लिकेट पद्धतींत, 'व्हल्नरेबल' नसतां, याचे ४२० गुण. उलट आपण गप्प बसलों असतों आणि तीन बदाम दोन दस्तांनीं बुडाले असते, तर केवळ १००.

मात्र इस्पिकचीं दोनच पानें असतां १५ गुणांच्या भरांत डबल देऊं नये. भिडू बहुधा इस्पिकच म्हणेल, आणि निदान तीनच्या पायरीवर त्या बिचाऱ्याला नऊ दस्त करावे लागतील. त्याच्या हातीं सातएक गुण असतील एवढीच अपेक्षा धरावी. आपल्याच हातांत बदामचा साठा असेल तर मुकाट्यानें पास म्हणावें, आणि भिडूनें डबल दिल्यास तो तसाच राहूं द्यावा. भिडूसहि हेंच स्वातंत्र्य आहे: बदामची राणी, गुलाम, दश्शी, नव्वी व बाहेरचा एखादा एक्का असेल, तर त्यानें पास म्हणून डबलचा दंड वसूल करावा. पण हात रिकामा आहे म्हणून भिऊन पास म्हणणें सर्वांत घातक होय. मग प्रतिपक्ष दुपटीनें जिंकतो.

एक गोष्ट नियमांनीं निषिद्ध आहे. डबल दंडाचा कीं विचारण्याचा, हें आवाजाच्या चढउतारानें किंवा भुवई उंचावून भिडूस कळविणें म्हणजे उघड लबाडी. याकरितांच मोठ्या स्पर्धांत आतां तोंडानें बोलत नाहींत. स्वीडनमध्यें निघालेल्या बोलीपेटींतून छापील पान काढून पटावर ठेवतात. घरीं अशी पेटी नसेल तर बोल्या कागदावर लिहाव्या.