संवेदकावरील काच आणि दुर्बल भिंगाचा उतारा

अंतरमापक कॅमेऱ्यांची रुंद कोनाची जुनी भिंगे फिल्मसाठी घडविलेली आहेत. लायकाने १९५४ साली आणलेल्या एम-माउंटात भिंगाची बैठक फिल्मपासून २७.८ मिलिमीटरवर असते. सोनीच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांत हे अंतर १८ मिलिमीटर आहे. त्यामुळे मध्ये अडॅप्टरचे कडे घालून ही भिंगे त्यांवर सहज बसतात. तथापि चित्राचा मध्य रेखीव येऊनही कडा पुष्कळदा अस्पष्ट राहतात. हा दोष बहुधा भिंगाचा नसतो.

फिल्मपुढे काच नसते. या कॅमेऱ्यांत संवेदकापुढे मात्र सुमारे २ मिलिमीटर जाडीची काच असते. तिचा वक्रीभवनांक १.५ धरल्यास सरळ येणाऱ्या किरणांची नाभी सुमारे ०.६७ मिलिमीटर मागे सरकते. ४५ अंशांनी तिरप्या येणाऱ्या किरणांची नाभी मात्र एका प्रतलात ०.९३, तर त्याला लंब असलेल्या प्रतलात १.३१ मिलिमीटर मागे जाते. साहजिकच कडांवरील प्रतिमा संवेदकावर नीट पडत नाही.

यावर हौशी छायाचित्रकारांनी घरीच योजिलेला उपाय म्हणजे फिल्टरच्या चौकटीत बसवून पुढे लावलेले दुर्बल समतल-बहिर्गोल भिंग. ते प्रतिमापृष्ठाला उलट दिशेने वाकविते. त्याचे नाभ्यंतर ५ मीटर असल्यास ३५ मिलिमीटरच्या भिंगाची नाभी सुमारे ०.२५ मिलिमीटर पुढे येते. म्हणून दूरचे दृश्य स्पष्ट येण्यासाठी कडेही जवळजवळ तितकेच पातळ लागते. दोन प्रतलांतील तफावत मात्र पूर्णपणे नाहीशी होत नाही. यास्तव प्रत्येक भिंगासाठी योग्य शक्ती प्रयोगानेच ठरवावी लागते. आणि जुन्या भिंगाला सदोष ठरविण्यापूर्वी संवेदकावरील काच हिशेबात घेणे अगत्याचे ठरते.